'इतर' नावाचे झाड

रस्ता रुंद करायचा असतो, जमिनीखालून नवी नळी न्यायची असते किंवा जुना वाडा पाडून त्या जागी उंच इमारत उभी राहायची असते. अशा वेळी वाटेत येणाऱ्या झाडाच्या खोडावर एक कागद चिकटवलेला तुम्ही पाहिला असेल. त्यावर सूचना असते : अमुक ठिकाणची इतकी झाडे तोडण्यासाठी परवानगी मागण्यात आली आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी. खाली झाडांची यादी. यादीत आंबा, नारळ, गुलमोहर, अशोक अशी चार-पाच ओळखीची नावे असतात आणि शेवटी पुष्कळदा एक ओळ दिसते : 'इतर – ६' किंवा 'जंगली झाड – ३'.

विद्यार्थी मित्रहो, माझे म्हणणे या शेवटच्या ओळीपासून सुरू होते. 'इतर' या नावाचे झाड जगात कोठेही उगवत नाही. ज्याने यादी केली त्याला ते झाड ओळखता आले नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आणि ज्यांनी ती यादी वाचली त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ओळखता आले नाही, म्हणून कोणी विचारायला गेले नाही. 'सीताअशोक तोडणार' असे लिहिले असते तर गल्लीत दोन माणसे तरी थबकली असती. 'इतर'साठी कोण थबकणार?

महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या रक्षणासाठी १९७५ सालापासून वेगळा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक महानगरपालिकेत आणि नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असावे, दर पाच वर्षांनी झाडांची गणना व्हावी, आणि झाड तोडण्यापूर्वी वर्तमानपत्रात व त्या झाडावर जाहीर सूचना लावावी, असे ठरले आहे. २०२१ साली या कायद्यात सुधारणा होऊन एक महत्त्वाची गोष्ट आली. ज्या झाडाचे अंदाजे वय ५० वर्षे किंवा त्याहून अधिक आहे, ते 'हेरिटेज' म्हणजे वारसा वृक्ष मानावे, आणि झाड तोडण्याची वेळ आलीच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत. कायदा चांगला आहे. परंतु झाडाचे नाव आणि वय या दोन गोष्टी कोणाला तरी ठाऊक असल्याशिवाय तो चालायचा कसा? मुंबईच्या २०१८ च्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. २०११ ची लोकसंख्या धरली तर चार माणसांमागे एक झाड पडते. इतकी झाडे मोजणाऱ्या माणसाला प्रत्येकापाशी किती वेळ थांबता येईल, याचा विचार करा. तुमच्या गल्लीतल्या चाळीस झाडांपाशी निवांत थांबणे मात्र तुम्हाला सहज शक्य आहे. म्हणूनच हे काम शाळेतल्या मुलामुलींनी अंगावर घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

नावांच्या यादीत किती बळ असते याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकातील. बहुतेक मुले तेथे हत्ती आणि माकडे पाहायला जातात. पण खरी श्रीमंती आहे ती झाडांची. ब्रह्मदेशाची उर्वशी, आफ्रिकेची गोरखचिंच, गुलमोहराच्या मायदेशातून आलेला कोलव्हिलिया हे सारे एका कुंपणाच्या आत आहेत. २००७ च्या सुमारास तेथील प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा काही नागरिकांनी बागेतील झाडे नावानिशी लोकांपुढे मांडली आणि या वृक्षसंपत्तीचे काय होणार, असा प्रश्न केला. मूळ योजना पुढे तशीच्या तशी राहिली नाही. 'झाडे वाचवा' असे नुसते म्हणण्यापेक्षा 'ही उर्वशी, ही येथे उभी आहे' असे म्हणणे कितीतरी जड पडते.

आता काहीजण म्हणतील, नावात काय आहे? अशोकाचेच पाहू. शाळेच्या कुंपणाला लागून उभी असलेली, देवळाच्या कळसासारखी निमुळती, फांद्या खाली झुकवलेली झाडे तुम्ही रोज पाहता आणि त्यांना अशोक म्हणता. तो अशोक नव्हे. तो आसुपालव किंवा खोटा अशोक. रामायणातल्या अशोकवनाशी ज्याचे नाव जोडले जाते तो सीताअशोक अगदी निराळा. खोट्या अशोकाचे पान साधे, लांबट, कडा लाटेसारख्या हललेल्या. फुले हिरवट, चांदणीसारखी, पानांत लपलेली. सीताअशोकाचे पान संयुक्त. त्यात पर्णिकांच्या चार-सहा जोड्या. कोवळी पालवी तांबूस, मलूल होऊन लोंबल्यासारखी दिसते. आणि उन्हाळ्याच्या तोंडी जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर, केशरी-लाल गुच्छ येतात. त्या फुलांना पाकळ्या नसतात बरे का! रंगीत दिसतात ती निदले. दोन्ही झाडांचे कूळही वेगळे : एक सीताफळाच्या कुळातले, दुसरे शेंगांच्या. औषधासाठी सीताअशोकाची साल लागते आणि तिच्या जागी खोट्या अशोकाची साल मिसळली जाते, ही भेसळ वैद्यकाच्या अभ्यासकांना चांगली ठाऊक आहे. तेव्हा नावात काय आहे, हा प्रश्न औषध घेणाऱ्याला विचारून पाहावा.

तर मग ओळखायचे कसे? फुलापासून सुरुवात करू नका. फूल वर्षातून तीन-चार आठवडे दिसते, पान मात्र बहुतेक वर्षभर हाताशी असते. पहिला प्रश्न हा, की पान कोणते? प्रश्न वेडगळ वाटेल, पण येथेच पुष्कळजण चकतात. पाडव्याला आपण कडुनिंबाची जी हिरवी, दातेरी पाने गुळाबरोबर चघळतो, ती पाने नव्हेतच. त्या पर्णिका. ज्याला आपण डहाळी समजतो तो सगळा पसारा मिळून एक पान होते. याची परीक्षा सोपी आहे. पान जेथे फांदीला जोडलेले असते, तेथे त्याच्या बगलेत एक बारीक कळी असते. पर्णिकेच्या बगलेत अशी कळी कधीच नसते. देठ धरा, मागे मागे जा, कळी सापडली की तेथून पुढे सगळे एक पान. ही एक युक्ती हाताला बसली, की निम्मे काम झाले.

दुसरी पायरी म्हणजे पाने फांदीवर कशी लागली आहेत ते पाहणे. एकाआड एक, समोरासमोर की एकाच ठिकाणी चक्राकार? गुलमोहर आणि नीलमोहर, म्हणजे जॅकरांडा, यांचा पाला लांबून एकसारखाच पिसासारखा दिसतो. परंतु गुलमोहराची पाने एकाआड एक असतात, नीलमोहराची समोरासमोर. फूल नसतानाही निकाल लागतो.

आपल्या शहरांत रस्त्यावर सावली धरणारी तीन झाडे अशी आहेत, की त्यांची ओळख पटली तर निम्मा रस्ता ओळखीचा होतो. गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष. तिन्ही शेंगांच्या कुळातली, तिघांचीही पाने दोनदा विभागलेली. गुलमोहराच्या पर्णिका अगदी बारीक, जेमतेम सेंटिमीटरभर. शेंग मात्र केवढी! हातभर लांब, लाकडासारखी कठीण. तलवार म्हणून तिचा उपयोग कोणी केला नसेल असा मुलगा विरळा. पानाच्या बुडाशी दोन छोटी, पिसासारखी चिरलेली उपपर्णे असतात, ती भिंगातून जरूर पाहा. फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी चार तांबड्या आणि एक पांढरट, तीवर लाल ठिपके. मधाकडे नेणारी जणू पाटीच. सोनमोहराच्या शेंगा चपट्या, बोटाएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि तांब्याच्या रंगाच्या. झाडावर त्यांचे घोसच्या घोस असतात. कोवळ्या फांद्यांवर आणि कळ्यांवर गंजासारखी लव दिसते. उन्हाळ्यात या झाडाखाली सकाळी पिवळा सडा पडलेला असतो.

पर्जन्यवृक्षापाशी जरा थांबू. त्याच्या पर्णिका या तिघांत मोठ्या, तिरक्या चौकोनासारख्या, पानाच्या टोकाकडे वाढत जाणाऱ्या. माथा छत्रीसारखा पसरट. मुंबईत माटुंग्याच्या पाच उद्यानांच्या परिसरात किंवा जुन्या रुंद रस्त्यांवर याची कमान दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये मिळालेली दिसते. हे झाड दक्षिण अमेरिकेचे. शेंगांतला गर गोड असतो, गुरे त्या आवडीने खातात. पण खरी गंमत संध्याकाळी. दुपारी याच्याखाली दाट सावली असते. सूर्य कलला की पर्णिका जोडीजोडीने मिटू लागतात, आणि रात्री वर पाहिले तर आकाश दिसते. पर्णिकेच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे क्षार आणि त्यांच्यामागोमाग पाणी दुसऱ्या बाजूला जाते. एक बाजू फुगते, दुसरी सैलावते, आणि पान मिटते. लाजाळूत हेच घडते, पण क्षणात. आभाळ फार दाटून आले तरी काही वेळा पाने मिटतात. 'पर्जन्य' हे नाव पडण्याचे एक कारण असे सांगतात, की या झाडाखाली कधी कधी कोरड्या दिवशीही बारीक तुषार अंगावर पडतात. ते पाणी ढगातले नसते. झाडावरचे रस शोषणारे किडे जास्तीचा रस थेंबाथेंबाने बाहेर टाकतात, तो हा पाऊस. हे कळल्यावर तोंड वर करून उभे राहायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

दूध निघणाऱ्या झाडांचा एक वेगळा गट करावा. गळून पडलेल्या ताज्या पानाचा देठ मोडून पाहिला, की लगेच कळते. (झाडावरचे पान तोडू नका, आणि हा चीक डोळ्यांना लागू देऊ नका.) वड, पिंपळ, उंबर, नांदरुक ही सारी एकाच प्रजातीतली. त्यांच्या फांदीच्या टोकाला निमुळती टोकदार कळी असते आणि पान जेथे लागते तेथे फांदीभोवती गोल कडे उमटलेले दिसते. दूध आणि कडे, या दोन खुणा जमल्या की वडाच्या भाऊबंदांपैकी कोणीतरी आहे असे समजावे. मग कोण ते पानावरून ठरवता येते.

फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. एखादे पडलेले कोवळे उंबर मधोमध कापून पाहा. आत शेकडो फुले दाटीवाटीने बसलेली असतात! उंबर हे फळ नसून आत वळलेला, बंद झालेला फुलोरा आहे. टोकाच्या बारीक भोकातून मिलिमीटर-दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी आत शिरते, परागकण नेते आणि तेथेच अंडी घालते. उंबराची माशी वेगळी, वडाची वेगळी. प्रौढ माशीचे आयुष्य एक-दोन दिवसांचे, तेवढ्यात तिला त्याच जातीचे, योग्य अवस्थेतले दुसरे झाड गाठावे लागते. म्हणून या झाडांना वर्षाच्या निरनिराळ्या काळात फळे येत राहतात, आणि म्हणूनच बाकी काही पिकलेले नसते तेव्हाही तांबट, कोकिळा, हरियाल आणि वटवाघळे येथे जेवायला येतात. गल्लीत एकच झाड लक्षणीय म्हणून निवडायचे झाले तर मी डोळे मिटून वडाच्या किंवा उंबराच्या बाजूने मत देईन, मग ते कितीही वेडेवाकडे वाढलेले असो.

दूध निघणारी सगळीच झाडे वडाच्या गोतातली नसतात. सप्तपर्णीचे पान मोडले तरी दूध येते, पण तिची पाने एका ठिकाणाहून छत्रीच्या काड्यांसारखी चक्राकार निघतात, बहुधा सात, कधी पाच, कधी आठ. दिवाळीच्या आसपास रात्री हिचा उग्र वास सगळ्या गल्लीत भरतो. कोणाला तो आवडतो, कोणाचे डोके दुखते. हिच्या शास्त्रीय नावात 'स्कॉलॅरिस' हा शब्द आहे, कारण हिच्या हलक्या लाकडाच्या पाट्या करून त्यांवर मुले अक्षरे गिरवत.

शास्त्रीय नावांचा विषय निघाला म्हणून सांगतो. मराठी नावे सुंदर आहेत आणि आधी तीच शिकावीत. अडचण एवढीच, की एका झाडाला तीन नावे असतात आणि एका नावाची दोन झाडे असतात. बुच, गगनजाई आणि आकाशनिंब हे एकच. ज्याच्या लांब नळीच्या पांढऱ्या फुलांची दोऱ्याशिवाय वेणी गुंफता येते ते. 'अशोक' मात्र दोन. वहीत मराठी नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहिले, की नागपूरची मुलगी आणि रत्नागिरीचा मुलगा एकाच झाडाबद्दल बोलत आहेत याची खात्री होते. ही नावेदेखील दगडावरची रेघ नसतात. खोटा अशोक बरीच वर्षे पॉलिअल्थिया या प्रजातीत होता, आता त्याला मोनून या प्रजातीत घालतात. पुस्तक जुने असेल तर नाव जुने असेल. त्याने बिचकून जाऊ नये.

हल्ली पुष्कळांच्या घरी असा फोन असतो, की पानाचे छायाचित्र घेतले की तो नाव सांगतो. वापरा, जरूर वापरा. पण त्याचे उत्तर म्हणजे एका हुशार मित्राचा अंदाज समजा. पान साधे की संयुक्त, लागण कशी, दूध आहे का, शेंग आहे की बोंड, हे तुम्ही स्वतः पडताळले आणि ते नावाशी जुळले, तरच वहीत पक्क्या शाईने लिहा. तोवर पेन्सिल. फोनने सांगितलेले नाव दुसऱ्या दिवशी विसरते, स्वतः शोधलेले विसरत नाही. हा माझा अनुभव आहे, आणि तुमच्यापैकी ज्यांनी गणित गाइड बघून सोडवले आहे त्यांचाही असेल.

आता लक्षणीय झाड कोणते म्हणायचे? सगळ्यात उंच, सगळ्यात जाड, सगळ्यात दुर्मिळ ही उत्तरे झटकन सुचतात. घेर आणि उंची मोजणे सोपे आहे. जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फुटांवर, खोडाला टेप गुंडाळा. उंचीसाठी डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढीच लांब काठी हात ताठ करून उभी धरा आणि मागे मागे सरका. काठीचे खालचे टोक बुंध्याशी आणि वरचे शेंड्याशी जुळले, की तुम्ही झाडापासून जेवढे दूर तेवढीच झाडाची उंची. समरूप त्रिकोण शिकलेल्यांनी याचे कारण आपले आपण शोधावे.

वय मात्र असे मिळत नाही. घेरावरून वय सांगणाऱ्यावर एकदम विश्वास ठेवू नका. पर्जन्यवृक्ष झपाट्याने जाड होतो, चिंच सावकाश. गोरखचिंचेचा तर प्रकारच वेगळा. वसईच्या किल्ल्यात किंवा राणीच्या बागेत तिचे हत्तीसारखे खोड पाहिले की वाटते, हजार वर्षांची असेल. पण ते लाकूड मऊ, पाणी साठवणारे असते. केवळ आकारावरून सांगितलेले शतकांचे आकडे ही पुष्कळदा ऐकीव गोष्ट असते. मग वय काढायचे कसे? विज्ञानाच्या मासिकात चमत्कारिक वाटेल, पण येथे इतिहासाची साधने कामाला येतात. शाळेचे जुने छायाचित्र, ज्यात मुख्याध्यापकांच्या मागे ते झाड रोपटे म्हणून उभे आहे. इमारतीच्या दारावर कोरलेले साल. गल्लीतल्या आजींची आठवण : 'मी लग्न होऊन आले तेव्हा हे माझ्या खांद्याएवढे होते.' आजींचे लग्न १९६८ चे असेल, तर झाडाने पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे आणि कायद्याच्या दृष्टीने ते वारसा वृक्ष ठरते. हा पुरावा त्यांच्या नावानिशी, तारखेनिशी आजच लिहून ठेवा. असे साक्षीदार कायम राहत नाहीत.

आणखी एका प्रकारचे झाड मला लक्षणीय वाटते : कोणीतरी विचार करून लावलेले. दादरच्या पारशी कॉलनीची आखणी करताना मंचेरजी जोशी यांनी रस्त्यांच्या कडेने झाडे लावण्याकडे मुद्दाम लक्ष दिले. एका रस्त्याला एक जात, दुसऱ्याला दुसरी. शंभर वर्षांनंतर आज तेथे चालणाऱ्याला ऊन लागत नाही, पण ते कोणामुळे हे थोड्यांनाच माहीत असते. तुमच्याही गावात अशी एखादी रांग असेल.

झाडांची ओळख होऊ लागली, की 'हे देशी, ते विदेशी' असा वाद तुमच्या कानावर येईल. या वादात मी मधोमध उभा आहे. गुलमोहराचे शास्त्रीय वर्णन १८२९ साली छापले गेले. तो मादागास्कर बेटावरचा. सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, नीलमोहर, कैलासपती, गिरिपुष्प हे सारे पाहुणे. म्हणून त्यांच्यावर कुऱ्हाड चालवावी काय? तसे असेल तर आमटीतली चिंचही बाहेर काढावी लागेल, कारण तीही मुळात आफ्रिकेची. पेरू, पपई, चिकू अमेरिकेतले. उभे असलेले जुने झाड कोठून आले हे विचारण्यापेक्षा ते काय काम करते, त्यावर कोण राहते, हे आधी विचारावे. नवे झाड लावताना मात्र माझा कल उलट आहे. तेथे हट्टाने आपल्या मातीतलेच लावावे. तामण हे आपल्या राज्याचे फूल. सहा चुणीदार जांभळ्या पाकळ्यांचे ते झाड रस्त्याच्या कडेला छान वाढते. तरीही किती जणांनी ते ओळखून पाहिले आहे? करंज, बकुळ, बहावा, सीताअशोक यांना रस्त्यावर जागा मिळायला हवी. भराभर वाढते एवढ्याच कारणाने गिरिपुष्पाच्या रांगा लावणे हा आळस आहे.

फेरीत झाडाच्या पायाशीही पाहत जा. अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या-एक मीटरच्या थरात असतात आणि त्यांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. बुंध्याला चिकटून सिमेंट ओतले की ना हवा जाते ना पाणी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तुमच्या रस्त्यावर पट्टीने मोजून पाहा, किती झाडांना एवढी माती मिळते. फलक बांधण्यासाठी गुंडाळलेली तारही अशीच. पानांत तयार झालेले अन्न सालीलगतच्या रसवाहिन्यांतून मुळांकडे उतरते. खोड जाड होते, तार सैल होत नाही, आणि मुळे उपाशी पडू लागतात. वर पाला हिरवा असतो, म्हणून वर्ष-दोन वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

शिक्षकांना एक विनंती. फुलाचे भाग शिकवायला दरवर्षी जास्वंदच कापली जाते. ती आणखी काही वर्षे कापली जाईल, हरकत नाही. पण वर्षातून सहा वेळा, शाळेपासून अर्ध्या किलोमीटरची एकच ठरलेली फेरी मुलांना करू द्या. दरवेळी नवी जागा नको. फेब्रुवारीत काटेसावर, पांगारा आणि पळस निष्पर्ण फांद्यांवर लाल होतात. पळसाला पाने तीनच हे मोजून पाहता येते, आणि तीही पर्णिकाच असतात. एप्रिल-मेमध्ये बहावा, तामण, गुलमोहर. ऑगस्टमध्ये भिंतीतून उगवलेली पिंपळाची रोपे. ऑक्टोबरात बुच आणि सप्तपर्णी. झाडापाशी गेल्यावर नाव चटकन सांगून टाकू नका, आधी मुलांना दहा मिनिटे भांडू द्या. आणि सहा महिने कोणालाच न ओळखता आलेले झाड निघाले तर तेही नोंदवा : पानाचे चित्र, शेंगेचे माप, घेर, ठिकाण. मग पडलेली एक डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, वाळवून जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात घेऊन जा. तिथल्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाशी ताडून पाहू द्या म्हणून सांगा. वहीत त्या झाडापुढे तोवर क्रमांक घाला, प्रश्नचिन्ह घाला. 'इतर' लिहू नका.